साडूंनी पाडलेली विमानं

जन्मात एकदाही विमानात पाय न ठेवलेल्या माणसांमध्ये विमानाचा सर्वांत दांडगा अनुभव कोणाला असेल, तर तो आमच्या साडूंना. हे मी थट्टेने म्हणत नाही. त्यांनी चालवली तेवढी विमानं एखाद्या पायलटने चालवलीही असतील, पण त्यांनी पाडली तेवढी पाडून दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत गिरणी चालू करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. किन्हवलीच्या अलीकडे त्यांचं गाव, गावात त्यांची भाताची गिरणी. मी शहापूरला शाळामास्तर. आम्हा दोघांची सासुरवाडी मुरबाडची, त्यामुळे लग्नकार्याला जावईमंडळी म्हणून आम्हाला शेजारी शेजारी पाटावर बसवतात, आणि जेवण संपेपर्यंत ते मला ढगांबद्दल सांगतात. समोरच्या जिलेबीकडे बघत ऐकावं लागतं. मोठ्या साडूला मध्येच तोडता येत नाही.

भातगिरणीचा धंदा असा, की कापणीनंतरचे महिने श्वास घ्यायला फुरसत नाही आणि उरलेलं वर्ष माशा मारायच्या. साडूंना माशा मारणं मानवत नाही. त्यांनी गिरणीचा हिशोब ठेवायला म्हणून मुरबाडहून एक जुना कॉम्प्युटर आणला. दुकानदाराने गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून त्यात विमान उडवायचा खेळ घालून दिला, आणि पुढे साडूंनी हौसेने त्याला विमान वळवायची एक दांडीही जोडून घेतली. हिशोब बायकोच्या डोक्यातच राहिला. खेळ हा शब्द मात्र साडूंनी कधी उच्चारला नाही. ते त्याला ‘विमान’ म्हणतात, आणि ते ज्या खोलीत ठेवलंय त्या खोलीला, जिथे पूर्वी कांदे असत, घरातले सगळे आता विमानाची खोली म्हणतात. सुरुवातीचे कित्येक दिवस त्यांनी विमान उडवलंच नाही. मुंबईच्या विमानतळावरून ते बाहेर काढायचं, झाडं-घरं तुडवत नाशिकच्या हायवेला लावायचं आणि जमिनीवरूनच शहापूरपर्यंत आणायचं. मी विचारलं, साडूभाऊ, हे उडवत का नाही? तर म्हणाले, “मास्तर, सरकारनं रस्ता एवढा चांगला केलाय. शहापूरपातूर यायला उडायचं कशाला?” टोलनाक्यापाशी ते वेगही कमी करायचे.

पण एकदा उडायला लागले आणि मग सगळं यथासांग सुरू झालं. विमानाच्या खोलीत चपला चालत नाहीत. उड्डाणाला बसताना वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी. कारण पायलटचं खालचं कोण बघायला येतंय! अमावस्येला विमानतळ बंद. प्रत्येक उड्डाणाआधी नारळ, त्यामुळे त्या घरी रोज खोबऱ्याची चटणी असते. आणि विमान जगात कुठेही जायचं असो, मुंबईहून सुटलं की आधी ते गावावर यायचं, गावदेवीला एक फेरी घालायचं आणि मग आपल्या वाटेला लागायचं. नवीन ट्रॅक्टर घेतला तरी आपण आधी देवीपुढे नेतो, मग एवढं मोठं धूड तसंच परमुलखाला कसं पाठवायचं, हा त्यांचा सवाल होता. घोषणाही ते स्वतःच करत. “मंडळी, विमान सुटतंय. पट्टे लावून घ्या. तंबाखू खाल्ली असंल तर आताच थुकून या, पुढं खिडकी उघडत नाय.”

हे असंच चाललं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी भात पोटरीला आलं असताना साडूंच्या नयनाला मस्कतच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. पोरगी गुणाची. कल्याणला खोली घेऊन शिकली, रात्रपाळ्या केल्या, कोणापुढे हात पसरला नाही. घरात आनंदाला उधाण आलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात साडूंची आई संध्याकाळी जी मालिका बघते, त्या मालिकेतलं विमान पडलं. साधंसुधं नाही पडलं. नायिका परदेशी निघालेली, तिची जाऊ वेषांतर करून विमानात शिरलेली, तिने पायलटच्या चहात काहीतरी कालवलं, पायलट बेशुद्ध, तेवढ्यात वीज कोसळली, दोन्ही इंजिनं बंद, आणि मग विमान जाहिरातींसकट आठवडाभर पडत राहिलं. आयने पदराचा बोळा तोंडात धरून ते सगळं पाहिलं आणि शेवटी टीव्ही बंद करून जाहीर केलं, “इमान पडतं. मी डोळ्यांनी बघितलंय. आमची पोर उडणार नाय.”

साडूंनी समजावलं, “आय, ती मालिका हाय गो. खोटं असतं ते.”

“खोटं व्हतं तर त्या बाया एवढ्या रडत कशाला व्हत्या?”

आता आय म्हणजे त्या घराचा शेवटचा शब्द. साडूंचे वडील लवकर गेले, तिने एकटीने शेत केलं, गिरणी उभी केली, मुलं वाढवली. ती नाही म्हणाली की पाहुण्याला दुसरा चहासुद्धा मिळत नाही. आणि नयना तिच्या मांडीवर वाढलेली. कोणी म्हणालं, तू मोठी आहेस, जा निघून, तर म्हणाली, “आजी हो बोलेल तरच जाईन. तिला रडवून नाय जायची.” मस्कतवाल्यांना दसऱ्यापर्यंत कळवायचं होतं. पोरगी ताटातला भात चिवडत बसायची, आणि ते बघून साडूंचा जीव तिळतिळ तुटायचा. मला वाईट वाटलं ते असं, की आयवरही रागावता येईना. तिची भीती खरी होती; विमान तेवढं खोटं होतं.

साडूंचा राग मात्र भलत्यावरच होता. मालिका खोटी आहे हे त्यांना पुरेसं नव्हतं. त्यातला पायलट नालायक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. “मास्तर, त्यात पडण्यासारखं काय नव्हतंच. इंजिन बंद झालं तर काय झालं? गिरणीची लाईट गेली तर पट्टा लगेच थांबतो काय? फिरतो ना अजून थोडा? तेवढ्यात उतरवायचं.” तेव्हा त्यांनी ठरवलं, की मालिकेतला अपघात जसाच्या तसा आपल्या विमानावर आणायचा, आयला समोर बसवायचं, आणि सगळं होऊनही विमान सुखरूप उतरवून दाखवायचं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, नुसतं साधं विमान नीट उतरवून दाखवा ना. तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की वर्गात मी पाढे चुकणाऱ्या पोरांकडेही तसं बघत नाही.

आणि मग ते प्रयोग सुरू झाले. हुबेहूब म्हणजे हुबेहूब. मालिकेतला पायलट चहा पिऊन पडतो, म्हणून गावदेवीची फेरी झाली की आमची मेहुणी चहा आणायची, साडू तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे आणि मग ‘आई गं’ म्हणून टेबलावर डोकं ठेवायचे. तेवढ्यात विमान वाटेल तिकडे जायचं. इंजिनं बंद करायचं बटण मेहुणीकडे, आणि ते ती नवऱ्यावरचे संसारभराचे राग आठवून दाबायची. वीज म्हणून खोलीतला दिवा चालू-बंद करायचं काम साडूंच्या पुतण्याच्या बायकोकडे. आणि बेशुद्ध पायलटच्या तोंडावर पाणी मारून त्याला शुद्धीवर आणणारी हवाई सुंदरी म्हणून, माझ्या मिशांकडे पूर्ण दुर्लक्ष करून, माझी नेमणूक झाली. मी कां कू केलं तर साडू म्हणाले, “तुमी शिकलेले हाव, तुमाला इंग्रजी येतं.” शहापूरहून संध्याकाळच्या एसटीने मी पाणी मारायला जाऊ लागलो. बायकोने विचारलं तर सांगायचो, नयनाच्या नोकरीचं बघतोय. तसं पाहिलं तर खोटंही नव्हतं.

आयला ते गांभीर्याने घ्यायला हवं, म्हणून साडूंनी एक शहाणपणा केला आणि तोच अंगाशी आला. विमान रिकामं कसं दाखवायचं? त्यांनी गावातल्या एकेकाला सीट दिली. बातमी फिरली आणि विमानाच्या खोलीत गर्दी जमायला लागली. सीट मिळालेली माणसं पुढे सतरंजीवर, न मिळालेली दारात. खिडकीवरून भांडणं झाली. बांधावरून बोलाचाल बंद असलेल्या दोघांना शेजारी सीट दिली म्हणून एकाने विमानातून उतरायची धमकी दिली. ते तेव्हा इगतपुरीच्या वर होतं. पहिल्या संध्याकाळी साडूंनी सगळ्यांची नावं मोठ्याने वाचली, नारळ फोडला, देवीला फेरी घातली, चहा प्यायले, पडले, मी पाणी मारलं, ते उठले, आणि विमान त्यांच्या डोळ्यांदेखत माहुलीच्या डोंगरावर जाऊन आपटलं. स्क्रीन काळी झाली. मग आय शांतपणे उठली आणि म्हणाली, “चला, अंघोळी करा सगळ्यांनी. त्याबिगर चुलीकडं कोण जायचं नाय.”

साडू म्हणाले, “आय, कोण मेलं नाय गो. सगळी हितं बसलीत.”

“नावं खरी घेतलीस ना?”

मयताहून आल्यावर करतात तशी आम्ही सगळ्यांनी विहिरीवर गार पाण्याने अंघोळ केली. मेलेल्यांनीही केली. दुसऱ्या दिवशी विमान परत पडलं, परत अंघोळ. तिसऱ्या दिवशीही तेच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आयची भीती घालवायला काढलेलं विमान रोज संध्याकाळी तिच्यासमोर पडत होतं, आणि पूर्वी ती म्हणायची विमान पडतं, आता म्हणायला लागली विमान रोज पडतं. मला सर्दी झाली. सकाळी गिरणीवर भात घेऊन येणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळी आपण मारलेलं असायचं, त्यामुळे साडूंना त्याच्या डोळ्याला डोळा देववेना.

खरं सांगायचं तर साडूंना विमान चालवता येत नव्हतं असं नाही. अडचण निराळीच होती. इंजिनं बंद पडलेलं विमान कुठेतरी सपाटीला टेकवावं लागतं, आणि आमच्या मुलखात सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. साडू एखाद्या खाचराकडे वळले रे वळले की मागून त्याचा मालक ओरडायचा, “माझ्यात नको रे, भात उभं हाय!” सगळे शेतकरी खोलीतच बसलेले. साडू बिचारे भिडस्त; दुसऱ्याच्या उभ्या पिकात विमान घालणं त्यांच्याने होईना. हायवेवर नेलं तर कोणी म्हणे आज शनिवार, नाशिकची गाड्यांची रांग असते. मग एके दिवशी त्यांना तानसाचा तलाव दिसला. लांबरुंद, शांत, ना बांध ना भात. त्यांनी विमान वळवलं, आणि शेजारचा बाळाराम ताडकन उठून उभा राहिला. हा बाळाराम उभी हयात तानसाच्या धरणावर राखणदार होता. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून तो तलावाबद्दल बोलताना आवाज खाली आणतो.

“तानसात नाय उतरवायचं.”

“अरे बाळाराम, माणसं मरतात आतली!”

“ते मुंबईचं प्यायचं पाणी हाय. मी हितं म्हशीला पाय ठेवू दिला नाय, तू इमान घालतोस? तेल मिसळंल त्यात. साहेबांची परवानगी आण.”

आणि साडूंनी, दोन्ही इंजिनं बंद असताना, आत सगळं गाव बसलेलं असताना, तोंडावरून मी मारलेलं पाणी निथळत असताना, विमान वळवलं आणि नेऊन माहुलीवर आपटलं. बाळाराम स्वतः त्या विमानात चौथ्या रांगेत होता. तोही मुकाट्याने अंघोळीला गेला. मी घरी येताना एसटीत एकटाच हसत होतो, आणि हसताहसता एकदम आठवलं की दसरा परवावर आलाय आणि नयनाने अजून बॅगेला हात लावलेला नाही. मग मला हसू येईना.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो, तेव्हा खोलीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती आणि नेहमीपेक्षा कमी आवाज. साडूंनी नावं वाचायला सुरुवात केली. इतके दिवस नयनाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. आयने बजावलंच होतं, काय पाडायचं ते पाड, पोरीचं नाव त्यात नको. पण शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा नयना दारातून पुढे आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, माझं पण घ्या. मस्कतला मलाच जायचंय ना.” आयने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही कॉम्प्युटरच उचलून विहिरीत टाकते. पण ती नुसती सरकली आणि नातीच्या शेजारी, तिचा हात धरून, विमानात बसली.

साडूंनी नाव घेतलं. नारळ फुटला, देवीची फेरी झाली, चहा आला. त्या दिवशी ते टेबलावर डोकं ठेवून पडले ते मला खरंच बेशुद्ध वाटले; मी पाणी जरा जास्तच मारलं. दिवा लुकलुकला. मेहुणीने बटण दाबलं, पण राग आठवून नाही, डोळे मिटून. विमान खाली यायला लागलं. खाचरं आली, मालक लोक गप्प होते, पण साडूंचा हात काही तिकडे वळेना, सवयच लागली होती. पुढे माहुली दिसायला लागली. अलीकडे डाव्या हाताला तानसा. साडूंनी मान वळवून बाळारामकडे बघितलं. सांगतो, भर सभेत एवढ्या अजिजीने बघणारा माणूस मी परत पाहिला नाही.

बाळाराम उठला. टोपी काढली, परत घातली. म्हणाला, “बसव.”

“पाण्यात?”

“बसव बोलतो ना. पोर हाय आत. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगीन.”

आणि साडूंनी विमान तानसात बसवलं. कसं बसवलं ते मला विचारू नका. मी हातात तांब्या घेऊन डोळे मिटले होते. उघडले तेव्हा विमान पाण्यावर अख्खं उभं होतं, दोन्ही पंख जागेवर, नाक तेवढं जरासं वाकलेलं. कोणी टाळी वाजवली नाही. ज्याने त्याने शेजारच्याकडे बघून घेतलं, बांधावरून भांडलेल्या दोघांनीही. मग आय बोलली.

“पोर भिजली काय रे?”

“नाय गो आय,” साडू म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आणि मी मारलेलं पाणी एकच झालं होतं. “घोट्यापातूर. जास्त नाय.”

आयने नयनाच्या पायावर हात फिरवून बघितला. मग म्हणाली, “मग जाऊ दे तिला. सुकवायला टावेल दे बरोबर.” आणि उठताना आम्हा सगळ्यांना म्हणाली, “आज अंघोळी नकोत.”

दिवाळी करून नयना गेली. तिला सोडायला साडू आणि मी मुंबईला गेलो. ती आत गेल्यावर परत फिरायचं, तर साडू हलेनात. त्यांना खरं विमान बघायचं होतं. विमानतळाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर आम्ही उभे राहिलो आणि एक विमान आमच्या डोक्यावरून उतरलं, एवढं खाली की पोटावरचे डाग दिसले. साडू एकदम खालीच बसले. मी हात दिला तर तो धरून म्हणाले, “केवढं हाय हो मास्तर हे. ह्यात खरीच माणसं बसतात. मी आपला रोज चहा पिऊन पाडत व्हतो.” कसाऱ्याच्या गाडीत ते खिडकीला गाल टेकवून आभाळ बघत बसले. मला त्यांची दया आली, आणि मायाही. इतकी वर्षं जेवणाच्या पंगतीत मी ह्या माणसाला चुकवत आलो होतो.

घरी पोचल्यावर त्यांनी नारळ फोडला, पांढरा शर्ट घातला आणि विमान काढलं. ना चहा, ना वीज. देवीला फेरी घातली आणि समुद्रावरून सरळ मस्कतला नेऊन अलगद उतरवलं. बघायला मी आणि आय सोडून कोणी नव्हतं. सुखरूप पोचणारं विमान बघायला कोण येतं?

शिमग्याला मी गेलो तेव्हा विमानाच्या खोलीत जाऊन बसलो. कॉम्प्युटर चालू होता. विमान मस्कतच्या विमानतळावर एका कडेला उभं होतं, जिथे त्यांनी दिवाळीनंतर लावलं होतं तिथेच. मेहुणी म्हणाली, रोज संध्याकाळी चालू करतात, ते जागेवर आहे एवढं बघतात आणि बंद करतात. दांडीला हात लावत नाहीत. मी म्हटलं, “साडूभाऊ, आता परत आणा की ते. किती दिवस उभं ठेवणार?”

साडूंनी खांद्यावरच्या फडक्याने स्क्रीन पुसली. नयनाला सुटी कधी मिळेल ते अजून कळलं नव्हतं. पावसाळ्यानंतर म्हणाली होती, पण नक्की नाही.

“ऱ्हाऊ द्या तिकडंच,” ते म्हणाले. “आपण हिकडं आणून ठेवायचं, आणि तिला यावंसं वाटलं तवा तिकडं नसलं तर?”